हात धरायचा, ओढायचा नाही

यांना पार्किन्सन्सचं निदान होऊन नऊ वर्षं झाली. मराठीत या आजाराला कंपवात म्हणतात, त्यामुळे मी कंपच शोधत बसले होते. यांचा हात तर फारसा थरथरत नव्हता. अक्षर मात्र बारीक होत चाललं होतं, ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं व्हायचं. चालताना उजवा हात हलायचा थांबला होता. वास येईनासा झाला होता, बद्धकोष्ठ तर कितीतरी आधीपासून होतं, आणि रात्री झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे. मेंदूतल्या डोपामिन (हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी कमी होतात हे मूळ, पण आजार तेवढ्यावर थांबत नाही आणि यातल्या काही खुणा निदानाच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतात, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा सगळे धागे जुळले.

नुकतंच निदान झालेल्यांच्या जोडीदारांना मी सगळ्यात आधी चेहऱ्याबद्दल सांगते. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात. हसू येतं, पण ते चेहऱ्यावर उमटत नाही. पहिलं वर्षभर मला वाटत होतं, हे माझ्यावर नाराज आहेत. मी काही सांगावं आणि समोर कोरा चेहरा! त्यावरून भांडणंही झाली. आता मी चेहऱ्यावरून अंदाज करत नाही, सरळ विचारते. आवाजही खोल जातो, आणि त्यांना स्वतःला तो नेहमीसारखाच वाटतो. म्हणून बोलताना टीव्ही बंद करायचा, समोर बसायचं. स्पीच थेरपी लवकर सुरू करा. आम्ही उशीर केला, त्याची मला हळहळ आहे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. लेव्होडोपा, म्हणजे डोपामिनची उणीव भरून काढणारं औषध, त्याच्या गोळीवर यांचा दिवस चालतो. गोळी लागू पडली की हे स्वतः उठतात, दाढी करतात; उतरली की खुर्चीतून उठणंही अवघड. सुरुवातीला मी जेवण झालं की लगेच गोळी द्यायचे आणि दुपारची गोळी काम का करत नाही म्हणून कोड्यात पडायचे. प्रथिनं आणि हे औषध आतड्यातून शोषलं जाताना एकाच वाटेनं जातात, त्यामुळे जड जेवणावर घेतलेली गोळी अडकते. आमच्या डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तासाभरानं घ्यायला सांगितलं आणि दुपार सुधारली. ज्यांना रिकाम्या पोटी मळमळतं, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच वेळ ठरवावी. एक वही ठेवा: गोळी कधी घेतली, कधी लागू पडली, कधी उतरली. दवाखान्यात डॉक्टरांना दिसतात ती पंधरा मिनिटं. उरलेला दिवस तुम्हीच पाहिलेला असतो.

आणि आता मनगटाची गोष्ट. हे दाराच्या चौकटीत थबकायचे. पाय जमिनीला खिळल्यासारखे, वरचं अंग मात्र पुढे. मी घाईत होते, हात धरून ओढलं. दोघंही पडलो, यांचं मनगट मोडलं. फिजिओथेरपिस्टनं नंतर शिकवलं: पाय अडले की आधी पूर्ण थांबायचं, वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं, मग मोजून पाऊल टाकायचं. आम्ही चौकटीजवळ जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. सपाट जमिनीवर अडणारा पाय पट्टी ओलांडायला मात्र उचलला जातो. बाहेरची खूण मिळाली की मेंदूला चालण्याची दुसरी वाट सापडते, असं त्यांनी सांगितलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

त्या मनगटासाठी रुग्णालयात राहावं लागलं, तिथे गोळ्या वॉर्डच्या वेळेनं मिळू लागल्या. दोन तास उशीर झाला आणि यांना कूससुद्धा वळता येईना. तेव्हापासून गोळ्यांच्या वेळांचा कागद पाकिटात असतो. त्यावर ठळक लिहिलंय: लेव्होडोपा अचानक बंद करू नये, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड आणि भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल देऊ नये, कारण ही औषधं डोपामिनचाच मार्ग अडवतात. असा कागद आपल्या न्यूरॉलॉजिस्टकडून लिहून घ्या. नसलेली माणसं दिसणं, अचानक जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागणं, हेही औषधांमुळे होऊ शकतं. लाजेनं लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

आजारी माणसाची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. हा शब्द मला आवडतो, पण तो मिरवायला सुरुवातीला मी फार केलं. बटणं लावून द्यायची, वाक्यं पुरी करायची, घास भरवायची. एक दिवस हे हळूच म्हणाले, "मला जमतंय, तू थांब." खरं सांगते, थांबणं करण्यापेक्षा कठीण आहे. माझी पाठही तेव्हा धरली होती, झोप मोडलेली होती, चिडचिड व्हायची. आता दर गुरुवारी दुपारी धाकटी जाऊ येऊन बसते आणि मी बाहेर पडते. तीन वर्षं मी तिला मागितलंच नव्हतं; मागितल्यावर ती म्हणाली, "वहिनी, मी कधीची वाट बघतेय."

काल फिरायला निघताना सदऱ्याची बटणं लावायला यांना बारा मिनिटं लागली. मी चपला घालून दाराशी उभी होते. शेवटचं बटण लागलं तेव्हा यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा तसाच होता. मी विचारलं, "खूश?" "खूप," म्हणाले.