विषाणू, कीड आणि घाईचे निष्कर्ष : निवड-चाचणीत या चुका टाळा

नागपुरातील कृषी विद्यार्थ्यांचे कीटकशास्त्राचे प्रकल्प वाचताना 'विषाणूग्रस्त झाडाकडे पांढरी माशी आकर्षित होते' हे वाक्य हमखास भेटते. ते अनेकदा खरेही असते. मात्र ज्या निवड-चाचणीच्या, म्हणजे कीटकापुढे दोन रोपे ठेवून तो कुठे जातो हे पाहण्याच्या प्रयोगाच्या आधाराने ते लिहिलेले असते, त्या प्रयोगातून ते सिद्ध होत नाही.

सर्वांत मोठी चूक रंग विसरण्याची. एका विद्यार्थ्याने पिवळ्या मोझॅकने (पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूरोगाने) ग्रासलेले आणि निरोगी अशी मुगाची दोन रोपे जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली, मधोमध पांढऱ्या माश्या सोडल्या आणि तासाभराने बहुतेक माश्या रोगट रोपावर पाहून निष्कर्ष लिहून टाकला. मी त्याला निरोगी रोपाशेजारी साधा पिवळा पुठ्ठा टांगायला सांगितले. माश्या पुठ्ठ्यावरही बसल्या. शेतात पिवळे चिकट सापळे का लावतात, हे परीक्षेत त्याने नक्कीच लिहिले असेल! शिवाय रोगट रोप खिडकीच्या बाजूला होते. रोपांच्या जागा बदलताच आकडेही बदलले. म्हणून मी प्रत्येक फेरीत जागा बदलायला लावतो, नत्र कमी देऊन पिवळसर केलेले निरोगी रोप तुलनेला ठेवतो, आणि वासाचा परिणाम पाहायचा असेल तर दोन्ही रोपे पातळ कापडाआड झाकतो. यात वेळ जातो, आणि नेमके तेच नवख्यांना नको असते.

दुसरी चूक म्हणजे कोणते कीटक विषाणूयुक्त आहेत आणि कोणते विषाणूमुक्त, हे न पाहता सगळे एकत्र सोडणे. गव्हावरील मावा आणि बार्ली यलो ड्वार्फ विषाणू यांच्यावरील 2012 मधील अभ्यासात विषाणूमुक्त मावा रोगट गव्हाकडे वळला, तर विषाणू घेतलेल्या माव्याने निरोगी गहू पसंत केला. विषाणू कृत्रिम आहारातून दिलेला असल्यामुळे हा बदल रोगट झाडावर चरल्याने झाला, असेही म्हणता येत नाही. अशा दोन गटांची सरमिसळ केली, तर उलट दिशांचे कल एकमेकांना पुसून टाकतात आणि विद्यार्थी 'फरक आढळला नाही' असे लिहून मोकळा होतो.

मोजणी एकदाच करू नका. काकडी मोझॅक विषाणूने ग्रासलेल्या भोपळावर्गीय झाडांचा वास माव्याला ओढून आणतो, पण रस बेचव असल्याने मावा लवकर निघून जातो, असे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. हा विषाणू सोंड टोचण्याच्या काही क्षणांतच उचलला जात असल्याने कीटकाचे असे पळणे विषाणूच्या प्रसाराच्या पथ्यावरच पडते. पहिल्या अर्ध्या तासात आणि दुसऱ्या दिवशी मिळणारे आकडे त्यामुळे वेगळे असू शकतात.

फुलकिड्यांवर काम करताना टोमॅटो स्पॉटेड विल्ट विषाणू पिलांनाच द्या. प्रौढांनी रोगट पाने खाल्ली तरी ते वाहक बनत नाहीत. मे महिन्यातील नागपूरच्या उन्हात पिंजरे गच्चीवर ठेवू नका.

शेतातून पकडलेल्या पांढऱ्या माश्या थेट चाचणीत वापरू नका, कारण त्यांतील काहींच्या अंगात विषाणू आधीच असू शकतो. मी वांग्यावर वाढवलेली पुढची पिढीच वापरतो, तिच्यातील काही माश्या निरोगी मुगाच्या कोवळ्या रोपांवर सोडतो आणि त्या रोपांवर लक्षणे येत नाहीत, याची पुरेसे दिवस वाट पाहून खात्री करतो.