सुटलेला माणूस परत आत गेला का, हे मोजायचं कसं

तुरुंगातून सुटलेल्यांसोबतच्या आमच्या कामात नव्याने आलेल्याला पहिल्याच आठवड्यात प्रश्न झेलावा लागतो: तुमच्याकडचे किती जण परत आत गेले? आकडा सांगण्याआधी रजिस्टर नीट आखा. मी सोलापुरात हे काम करते, त्यामुळे उदाहरणं इथलीच.

ऑफिसात स्वतःहून येणाऱ्यांचीच यादी धरू नका. जे येतात ते बहुधा सावरायला लागलेले असतात, मग आकडा आपोआप गोड दिसतो. वर्षभरात सुटलेल्यांपैकी ज्यांना तुम्ही आत भेटला होतात, ते सगळे घ्या. प्रत्येकाचं वर्ष त्याच्या सुटकेच्या तारखेपासून मोजा. पुढे जमलं तर तीन वर्षं. कच्चे (खटला अजून चालू असलेले) आणि पक्के (शिक्षा झालेले) कैदी वेगळ्या पानांवर. देशातल्या तुरुंगांत चारातले जवळपास तिघे कच्चेच असतात, आणि ज्याचा पहिलाच गुन्हा सिद्ध झालेला नाही त्याने 'पुन्हा' केला असं कोणत्या तोंडाने लिहायचं?

आता मुख्य रकाने. पुन्हा अटक, पुन्हा कोठडी, पुन्हा शिक्षा हे तीन वेगळे ठेवा. अमेरिकेत 2005 मध्ये 30 राज्यांतून सुटलेल्यांचा सरकारने माग काढला, तेव्हा पाच वर्षांत सुमारे 77 टक्क्यांना पुन्हा अटक झाली होती. शिक्षा मात्र सुमारे 55 टक्क्यांना. आपल्याकडे नुसती अटक मोजणं तर फारच धोक्याचं. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, सोलापुरात त्यांच्यासाठी काटेरी तारांच्या आत सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत, होती. कायदा 1952 मध्ये गेला, पण कुठे घरफोडी झाली की आधी पारधी वस्तीवरचीच पोरं उचलतात. अशा वस्तीत अटकेचा आकडा पोलिसांची सवय दाखवतो, पोराची नाही.

अटकेच्या तारखेशेजारी गुन्ह्याची तारीख लिहायला विसरू नका. एका केसमध्ये जामीन झाला की दुसरं पोलीस ठाणं जुन्या केससाठी जेलच्या दारातच ताब्यात घेतं. तो सुटकेनंतरचा गुन्हा नव्हे. ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या सरकारी वेबसाइटवर) एफआयआर नंबर आणि ठाण्यावरून शोधा. नावावरून शोधाल तर स्पेलिंगमध्येच अडकाल.

माझ्या रजिस्टरमधली एक ओळ अशी: मोबाइल चोरीची केस, जामिनावर सुटका, दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला. तारखेला हजर नाही. वॉरंट, अटक, परत कोठडी. नवीन गुन्हा: काही नाही. याच्यासाठीच 'कारण' हा चौथा रकाना ठेवलाय, आणि मला विचाराल तर सगळ्यात कामाचा तोच.

पाचवा रकाना अडचणींचा. 'समाजाने स्वीकारलं नाही' असलं मोघम काही लिहू नका. कामावर चारित्र्य पडताळणी मागितली, घरमालकाने खोली नाकारली, रेशनकार्डावरून नाव कमी झालं, असं लिहा. एक अडचण मात्र जवळपास प्रत्येकाची: आत असताना मोबाइल नंबर बंद पडतो, आधारला तोच जोडलेला असतो, मग ओटीपी येत नाही आणि बँकेचं खातं अडकतं. आधार केंद्रात ठसे देऊन नंबर बदलता येतो, कागद लागत नाहीत. पहिल्याच आठवड्यात सोबत जा.

ज्यांचा पत्ता लागत नाही, त्यांना 'परत गेले नाहीत' मध्ये ढकलू नका. त्यांचा रकाना वेगळा, वारलेल्यांचाही वेगळा, आणि आकडा सांगताना हे दोन्हीही सांगा.

सुटलेल्या माणसाला फोन करताना जपून. पलीकडे मुकादम असू शकतो, सासू असू शकते. संस्थेचं नाव घेऊ नका. 'सोलापूरहून ताई बोलतेय' एवढंच सांगा आणि तो स्वतः लाइनवर आला की मग बोला.