प्रश्नमंजुषेचा ग्रुप भांडणात संपतोय? प्रश्न विचारताना या चुका टाळा

दर शनिवारी रात्री साडेनऊला आमच्या कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर मराठी सिनेमा-नाटकांची प्रश्नमंजुषा रंगते. एकाने प्रश्न टाकायचा, ज्याचं उत्तर बरोबर त्याने पुढचा टाकायचा, इतका साधा नियम. तरीही वाद होतात. आणि बहुतेक वादांचं मूळ उत्तरात नसतं, प्रश्नाच्या शब्दांत असतं.

'पहिला' हा शब्द जपून

'भारतातला पहिला चित्रपट कोणता?' असा प्रश्न आमच्याकडे एकदा आला. भराभर 'राजा हरिश्चंद्र' आलं. मग एकाने लिहिलं, 'श्री पुंडलिक'. झालं, पुढचा तासभर दुसरं काही नाही. खरं तर दोघांच्याही हाती आधार होता. दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' 18 मे 1912 ला मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात लागला. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' तिथेच 3 मे 1913 ला आला. पण 'पुंडलिक' हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, म्हणून पहिलेपणाचा मान बरेच जण फाळक्यांना देतात. प्रश्नातच तारीख घातली असती, '3 मे 1913 ला कॉरोनेशनमध्ये कोणता चित्रपट लागला?', तर तंटाच उरला नसता. 'पहिला', 'सर्वात मोठा', 'एकमेव' यातलं काही लिहिताना दोन मिनिटं थांबा आणि यावर कोण काय हरकत घेईल ते आधी स्वतःच शोधा.

वर्ष नेमकं कशाचं?

'कोर्ट' कोणत्या वर्षीचा? व्हेनिसच्या महोत्सवात तो 2014 ला दाखवला गेला, आपल्याकडे सिनेमागृहात एप्रिल 2015 ला लागला. राष्ट्रीय पुरस्कार 2014 सालचा, ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका 2015 ची. 'श्वास'चंही तसंच: सिनेमागृहात 2004, राष्ट्रीय पुरस्कार मात्र 2003 सालचा. तेव्हा 'सिनेमागृहात कधी लागला' की 'कोणत्या सालचा पुरस्कार' हे प्रश्नातच लिहा.

ऐकीव उत्तर तपासून घ्या

गीतरामायण कोणी गायलं, असं विचारून 'सुधीर फडके' एवढंच उत्तर धरून बसू नका. बाबूजींच्या जाहीर कार्यक्रमांमुळे त्यांचाच आवाज आपल्या कानात बसला आहे. पण 1955-56 ला पुणे आकाशवाणीवरून ही 56 गीतं प्रसारित झाली तेव्हा वेगवेगळे गायक-गायिका होते. प्रश्न विचारणाऱ्याचंच उत्तर अर्धवट निघालं की पुढच्या वेळी त्याच्या प्रश्नावर कुणी मनापासून डोकं लावत नाही.

सरळ नाव विचारलं की शोध घेऊन उत्तर येतं

'अयोध्येचा राजा'ची नायिका कोण? दहा सेकंदांत कुणीतरी शोधून टाकतं. तोच मालमसाला असा मांडून बघा: 'एक व्यक्तिरेखा 1913 ला एका पुरुषाने साकारली, 1932 ला दुर्गा खोट्यांनी. व्यक्तिरेखेचं नाव सांगा.' आमच्याकडे हा प्रश्न आला तेव्हा आधी शांतता. मग एकीने लिहिलं, '1932 म्हणजे पहिला मराठी बोलपट ना?' दुसरा म्हणाला, 'मग 1913 म्हणजे हरिश्चंद्रच.' आणि तिसऱ्याकडून आलं: तारामती! तिघांनी मिळून सोडवलेला तो प्रश्न मला अजून आवडतो.

पोल टाकण्याची घाई नको

व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये कुणी काय निवडलं ते दिसतं. ग्रुपमधल्या जाणकाराने बोट ठेवलं की बाकीचे त्याच्या मागे. उत्तरं विचारणाऱ्याला खासगीत पाठवा, किंवा टेलिग्रामचा क्विझ प्रकारचा पोल वापरा, त्यात मत बदलता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटं बदलता येतो, म्हणून बदललेलं उत्तर बाद, हे आधीच ठरवून टाका.

परदेशातल्या मित्रांची वेळही बघा. आपले साडेनऊ म्हणजे न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळचे अकरा, उन्हाळ्यात दुपारचे बारा. तिकडची घड्याळं बदलली की आमची मैत्रीण तासभर चुकायची. आता त्या आठवड्यात आदल्या दिवशी आठवण टाकतो.

नुसतं नाव सांगून पुढे जाऊ नका

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. 1913 ची तारामती कोणी साकारली, याचं उत्तर 'अण्णा साळुंके' एवढंच लिहून पुढचा प्रश्न आला तर हातात काय राहिलं? तारामतीच्या भूमिकेसाठी फाळक्यांना स्त्री मिळेना, आणि हे साळुंके त्यांना एका उपाहारगृहात काम करताना सापडले. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये त्यांनी रामही केला आणि सीताही. हे दोन ओळींत लिहिल्यावर आमच्या ग्रुपवर कुणीतरी लगेच तारामतीच्या वेशातला त्यांचा जुना फोटो शोधून टाकला, आणि त्या शनिवारी पुढचा प्रश्न यायला पाऊण तास लागला.