विलायतेच्या जुन्या जनगणनेत आपलं आडनाव कसं शोधायचं

आधी एक क्लिअर करते, आपल्याकडच्या जनगणनेत पणजोबांचं नाव शोधायच्या नादी लागू नका, 1948 च्या कायद्याने घरोघरची माहिती गोपनीय आहे, आकडे मिळतात, नावं नाही. पण घरातलं कोणी पुण्याहून तेव्हा विलायतेला शिकायला गेलं असेल (सदाशिव-नारायण पेठेत असं एखादं घर निघतंच) तर इंग्लंडची 1911 आणि 1921 ची जनगणना ऑनलाइन बघता येते. 1931 ची जळाली, 1941 ला झालीच नाही, त्यामुळे त्यापुढे 1939 चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर केलेली लोकांची सरकारी नोंद.

आता फडके टाकलं आणि काहीच आलं नाही तर आधी विचार करा की नाव लिहिलं कोणी. 1911 चा फॉर्म घरच्या कर्त्याने भरायचा होता, म्हणजे आपला विद्यार्थी भाड्याने राहत असला तर बहुतेक घरमालकिणीनेच कानावर पडलं तसं लिहिलं असणार, आणि पुढे कित्येक वर्षांनी तिसऱ्याच माणसाने ते अक्षर वाचून कॉम्प्युटरवर चढवलं, म्हणजे घोळ व्हायला दोन जागा. साठेचा एस एल वाचला की झाले लाठे! एन आणि यू तर सर्रास उलटसुलट.

मिळत्याजुळत्या स्पेलिंगसाठी साउंडेक्स नावाची पद्धत असते, ती पहिलं अक्षर तसंच ठेवते, स्वर गाळते आणि सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा देते. म्हणून गोखलेच्या शेवटी ई आहे की वाय, तिला फरक पडत नाही. पण फडके पीएचने की एफने, वाघ डब्ल्यूने की व्हीने, कुलकर्णी केने की सीने, इथे ती आपटते, तेव्हा दोन्ही टाकून बघायचं. बऱ्याच साइटवर एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि कितीही अक्षरांच्या जागी चांदणी (*) चालते.

माझ्या मते सगळ्यात भारी उपाय म्हणजे आडनावाचा रकाना सरळ रिकामा सोडा. नुसतं पहिलं नाव, जन्मसाल दोन-तीन वर्षं मागेपुढे धरून, आणि जन्मगाव जुन्या स्पेलिंगने पूना, नाहीतर बॉम्बे, नाहीतर नुसतं इंडिया. वडलांचं नावही आडनावाच्या जागी टाकून बघा कारण विष्णू गणेश फडके तिथे मिस्टर गणेश झालेले असू शकतात, आणि नावापुढे राव असेल तर राव हेच आडनाव!

सापडलं की मूळ पानाचा फोटो उघडून घरचा पत्ता, वय जुळतंय का बघा, आणि चुकीचं स्पेलिंग जसंच्या तसं, सोबत आरजी 14 (1921 ला आरजी 15) ने सुरू होणारा त्या नोंदीचा संदर्भ नंबर वहीत उतरवून ठेवा, नाहीतर चुलत भावाला लिंक पाठवताना परत पहिल्यापासून शोधाशोध.