जुन्या बाजारातले मोडीचे सोने: कोठे शोधावे, कसे पारखावे

पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात दागिना म्हणून मांडलेल्या वस्तूत सोने निघेल, ही आशा बहुधा फोल ठरते, कारण असा डाग, म्हणजे दागिना, विक्रीला येण्याआधीच कोणीतरी तो सराफाला दाखवलेला असतो. दागिना म्हणून कोणी पाहत नाही अशा वस्तूंतले सोने मात्र नजरेतून सुटते. फाउंटन पेने, सदऱ्याची साखळीची बटणे, मनगटी घड्याळे, चष्म्याच्या फ्रेमा आणि खोट्या मोत्यांच्या ढिगात पडलेली एखादी नथ किंवा कुडी यांकडे आधी वळावे. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, लहानसे जोरदार लोहचुंबक आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला वजनकाटा असला म्हणजे पुरे.

पेनांचे निब हे सर्वांत भरवशाचे ठिकाण आहे. विसाव्या शतकातील चांगल्या पेनांना बहुधा १४ कॅरटचा निब असे, आणि त्यावर १४ के किंवा ५८५ असा छाप भिंगाखाली वाचता येतो. पार्कर ५१ चा निब आवरणाखाली झाकलेला असल्यामुळे तो छाप दिसत नाही; त्यामुळे विक्रेत्यालाही पुष्कळदा त्याचा पत्ता नसतो. ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ एवढेच कोरलेला निब मात्र साधारणपणे पोलादाचाच असतो, मग त्याचा रंग कितीही पिवळा असो. ०.३ ग्रॅमच्या १४ कॅरट निबात शुद्ध सोने ०.१७५ ग्रॅमच्या आसपास भरते. त्यामुळे चालू स्थितीतले जुने पेन निबासाठी मोडणे हा माझ्या मते शुद्ध आडमुठेपणा आहे. संग्राहक सबंध पेनाला बहुधा मोडीपेक्षा चांगली किंमत देतात. निब काढावा तो फुटक्या, निरुपयोगी पेनाचाच.

घड्याळांच्या आणि फ्रेमांच्या बाबतीत छाप नीट वाचणे हेच मुख्य काम. ‘जी.एफ.’, ‘आर.जी.पी.’ किंवा ‘२० मायक्रॉन’ ही अक्षरे म्हणजे वर केवळ सोन्याचा पत्रा किंवा मुलामा असल्याची कबुली होय. त्यातही ‘१/२० १२ के जी.एफ.’ यातील १२ के हे आकडे पाहून अनेकजण फसतात. तेथे एकूण वजनाचा केवळ विसावा भाग १२ कॅरटचे सोने असते. ३७५, ५८५, ७५० आणि ९१६ हे आकडे अनुक्रमे ९, १४, १८ आणि २२ कॅरट सांगतात, पण नुसता आकडा कोणीही ठोकू शकतो. उलट, छाप नाही म्हणून वस्तू टाकूनही देऊ नये. भारतीय मानक ब्युरोचे सोन्याचे हॉलमार्किंग २००० साली सुरू झाले, त्याआधीच्या डागांवर फार तर पेढीचा शिक्का सापडतो. शिवाय १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी १४ कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवण्यावर काही वर्षे बंदी घातली होती, म्हणून त्या काळातला फिकट डाग खोटाच असे धरू नये.

चुंबकाला चिकटले तर ते सोने नाही, एवढेच चुंबक सांगतो. पितळही त्याला चिकटत नाही. नंतर कडा, फिरकीचे आटे आणि घासली जाणारी टोके भिंगाने पाहावीत. तेथे लालसर किंवा पांढरा धातू डोकावत असेल, तर तो मुलामा समजावा. घरी आल्यावर पाण्यातले वजन काढावे. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून तो शून्यावर आणावा आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही, अशी धरावी. हवेतले वजन ५.०० ग्रॅम आणि काट्यावर ०.२८ दिसले, तर पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून उत्तर सुमारे १७.९ येते, म्हणजे २२ कॅरटची शक्यता. पितळेला ते साडेआठच्या आसपास येते. पोकळ मण्यांना किंवा लाख भरलेल्या पाटल्यांना ही रीत लागू पडत नाही, कारण लाख हलकी असल्याने खरे सोनेही खोटे ठरते. मोती गुंफलेल्या नथीचेही तसेच. तिची तार कसोटीच्या दगडावर घासून पाहावी लागते.

जुन्या पैठणीच्या किंवा शालूच्या जरीबद्दल अपेक्षा माफक ठेवावी. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, आणि सोने तिच्यावर केवळ मुलाम्यापुरते. तिची मोड मुख्यतः चांदीचीच असते. पदर सुस्थितीत असेल तर त्यातली जर मोडीसाठी जाळू नये. आम्लाने सोने वेगळे करण्याचे प्रयोगही घरी करू नयेत, त्याच्या वाफा फुप्फुसांना अपाय करतात.

चोरीचा माल असल्याचे समजण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खालील गुन्हा आहे, म्हणून संशयास्पद स्वस्त डाग सोडून द्यावा. मोड घालताना दोन-तीन पेढ्यांवर विचारावे. पेढीवरच्या कॅरट मोजणाऱ्या यंत्राने केवळ पृष्ठभाग तपासला जातो, म्हणून रक्कम मोठी असेल तर सोने आपल्यासमोर वितळवून टंच, म्हणजे शुद्धता, काढून घ्यावा, घट (वितळवताना कमी होणारे वजन) किती धरली ते विचारावे आणि वजन, टंच व भाव लिहिलेली पावती घ्यावी.