काबुकी ओटामाटोन: रंगवायचा कसा, वाजवायचा कसा

ओटामाटोन म्हणजे ते जपानी वाद्य, वरती लांब दांडी, खाली गोल डोकं, दोन डोळे आणि गाल दाबले की उघडणारं तोंड. २००९ मध्ये आलं, मेइवा डेन्की या आर्ट ग्रुपच्या डोक्यातून निघालेलं आणि क्यूब कंपनीने बनवलेलं. त्या चेहऱ्यावर काबुकी या जपानी पारंपरिक नाट्यप्रकारातला मेकअप म्हणजे कुमादोरी असेल तर काय भारी दिसतं! साधा पांढरा पीस असेल तर हे घरीच करता येतं. पांढरा यासाठी की काबुकीतही आधी सगळा चेहरा पांढरा करतात आणि मगच त्यावर रेघा येतात.

आधी ठरवा की तुमचा ओटामाटोन कोण आहे. लाल म्हणजे शूर, न्यायाच्या बाजूचा, अंगात ताकद असलेला. निळा म्हणजे व्हिलन किंवा भूत, आणि तपकिरी म्हणजे राक्षस, पिशाच्च वगैरे. छान दिसतंय म्हणून लाल-निळं मिक्स करू नका प्लीज, त्याने कॅरेक्टरच राहत नाही. पहिल्यांदा करताय तर लाल सुजिगुमा, म्हणजे लाल रेघांचा मेकअप घ्या, 'शिबाराकु' नाटकातल्या हिरोचा असतो तो.

रंग फेस पेंटचा घ्या, पाण्याने जाणारा. परमनंट मार्कर अजिबात नको, डोकं रबरासारखं मऊ असतं, शाई आत मुरली की बसा घासत. आणि ॲक्रिलिक लावलं तर तोंड उघड-बंद होताना तडे जातात. ओल्या कापडाने डोकं पुसा, पूर्ण सुकू द्या, मागच्या बाजूला एक ठिपका लावून रंग निघतोय ना ते बघून घ्या.

आता रेघा. डोळ्यांच्या मधून सुरू करून कपाळावर वर आणि बाहेर, मग डोळ्याच्या कडेपासून कानशिलाकडे, मग गालावर एक वळण. कुमादोरी म्हणजे नुसती नक्षी नाही, रागाने चेहऱ्याचे स्नायू आणि शिरा फुगतात ना, तेच मोठं करून दाखवलेलं असतं, त्यामुळे रेघ आतून बाहेर जोरात जायला हवी. ब्रशने रेघ ओढली की लगेच, ओली असतानाच, तिची एक कड बोटाने हलकी पसरवायची, दुसरी कड धारदारच ठेवायची. याला बोकाशी म्हणतात आणि सगळी जान यातच आहे, हे नाही केलं तर चेहरा स्टिकर लावल्यासारखा सपाट दिसतो. शेवटी काळ्याने भुवया आणि तोंडाचे कोपरे. जिथे बोटांनी गाल दाबणार ती जागा कोरी सोडा, नाहीतर पाच मिनिटात सगळं हाताला.

वाजवायला डाव्या हातात दांडी, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटांनी दोन्ही गाल. दांडीवर बोट दाबलं की आवाज येतो, उचललं की बंद. डोक्याकडे सरकलात की सूर चढतो. पट्ट्या-बिट्ट्या काही नाहीत, जागा कानानेच शोधायची, म्हणून सुरुवातीला फोनवर एक सूर चालू ठेवून त्याला मिळवत बसा. मागच्या स्विचने लो, मिड, हाय बदलता येतं, या चेहऱ्याला लोच शोभतो.

आणि मग मिए. काबुकीत सीन टिपेला गेला की नट एकदम पोझ घेऊन थिजतो आणि स्टेजच्या कडेला लाकडी ठोकळे फळीवर आपटतात. तसंच करा, तोंड जवळजवळ मिटलेलं ठेवून वरच्या टोकापासून सूर हळूहळू चढवत न्या, पोचलात की बोट थांबवा, आता तोंड सावकाश उघडा म्हणजे आवाज खुलतो, गाल थरथरवून व्हायब्रेटो द्या, आणि बोट पटकन उचला पण तोंड उघडंच ठेवा. कोणीतरी शेजारी दोन लाकडं ठोकणारं मिळालं तर अजूनच मजा.

झालं की रंग लगेच पुसू नका. काबुकीचे नट प्रयोगानंतर चेहऱ्यावर कापड दाबून मेकअपचा ठसा घेतात, ओशिगुमा म्हणतात त्याला. तुम्हीही स्विच ऑफ करून पातळ सुती कापड किंचित ओलं करा, नीट पिळून घ्या म्हणजे पाणी स्पीकरपर्यंत जाणार नाही, कपाळापासून खाली हलक्या हाताने दाबत या आणि न घसरवता सरळ उचला. रंग फार सुकला असेल तर ठसा फिका येतो, तेव्हा हे वाजवून झाल्या झाल्याच करा.