घाबरट छोट्या कुत्र्याला गाडीच्या प्रवासाची सवय कशी लावावी

सुट्ट्या लागल्या की इंदूरच्या मराठी घरांत पुण्या-नाशिकच्या फेऱ्या सुरू होतात. कुणाची मुंज, कुणाचं लग्न. घरात लहानसं कुत्रं असलं तर बॅगा बाहेर निघताच ते पलंगाखाली जाऊन बसतं. मग त्याला ओढून काढायचं, गाडीत कोंबायचं आणि ‘होईल हळूहळू सवय’ म्हणायचं. सवय होते खरी, पण घाबरायची. आजवर त्याला गाडीतून नेलं ते बहुतेक वेळा इंजेक्शनलाच, मग दुसरं काय होणार? म्हणून खरं काम हायवेवर नाही, पोर्चमध्ये उभ्या असलेल्या बंद गाडीत करायचं असतं. निघायच्या तीन-चार आठवडे आधी सुरुवात करा. आदल्या आठवड्यात आठवण झाली असेल, तर आधी डॉक्टरांना फोन लावा.

गाडी लागते की भीती वाटते?

दोन्हींत लाळ गळते, जांभया येतात, अंग थरथरतं. त्यामुळे हे कधी सुरू होतं ते बघायचं. गाडीचं दार उघडण्याआधीच शेपूट पायांत गेली तर भीती. छान चढलं, बसलं आणि दहा-पंधरा मिनिटांनी वळणांवर उलटी झाली, तर गाडी लागते. पिल्लांना ती जास्त लागते, कारण कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग पुरता तयार झालेला नसतो. मोठी झाल्यावर बऱ्याच जणांचा त्रास जातो. पण दोन-चार उलट्या झाल्या की गाडीचीच धास्ती बसते आणि दोन्ही दुखणी एकत्र होतात.

आमची चिऊ इंजिन सुरू व्हायच्या आत जीभ नाकावरून फिरवायला लागायची. एक पुढचा पंजा उचललेला, कान मागे चापलेले, आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर. भुंकणं नाही, कुंई नाही. घरचे कौतुकाने म्हणायचे, ‘बघा, किती शहाण्यासारखी बसलीये!’ ती भीतीने गोठलेली होती. गप्प बसलेलं कुत्रं निवांत असतंच असं नाही.

बंद गाडीतली शिकवणी

गाडी बंद, दारं उघडी, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा. त्याला सर्वांत आवडणारा खाऊ हातात घ्या: पनीरचे किंवा उकडलेल्या चिकनचे शेंगदाण्याएवढे तुकडे. नेहमीची बिस्किटं इथे कामाची नाहीत. गाडीजवळ उभं राहून खाऊ द्या, मग पायरीवर, मग सीटवर. उचलून आत ठेवू नका, स्वतः चढू दे. उंची जास्त वाटत असेल तर खाली पाट ठेवा. जमलं की त्याचं रोजचं जेवणच मागच्या सीटवर द्यायला लागा.

पुढे क्रमाने दार लावायचं आणि लगेच उघडायचं. मग दार लावून थोडं बसायचं. मग इंजिन सुरू करून जागेवरच थांबायचं. मग फाटकापर्यंत जाऊन परत. मग कॉलनीला एक चक्कर. एका वेळी पाचेक मिनिटं पुरेत, आणि त्याला कंटाळा यायच्या आत थांबायचं.

पुढच्या पायरीवर जायचं की नाही, हे त्याचं तोंड सांगतं. आवडता खाऊ नाकासमोर धरूनही तोंड फिरवलं, तर भीती भुकेच्या वर गेली आहे. रागावू नका, एक पायरी मागे या. जवळ घेतल्याने, हळू बोलून थोपटल्याने भीती वाढते हा समज खोटा आहे, खुशाल थोपटा.

रस्त्यावरच्या सरावाला राजवाड्याकडे जाऊ नका, बायपासलाही नाही. ट्रकचे हॉर्न माणसालाच झेपत नाहीत, आणि कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येतात. भल्या सकाळी सुपर कॉरिडॉर बरा. रुंद, सरळ, मोकळा. दर फेरीचा शेवट मात्र त्याला आवडेल अशा जागी हवा, निदान दहा मिनिटं हुंगत फिरायला तरी.

बसवायचं कुठे?

मांडीवर नाही. आपल्याला सगळ्यांना तेच आवडतं, म्हणून स्पष्ट सांगते. जोरात ब्रेक लागला तर चार किलोचं कुत्रं समोर फेकलं जातं, आणि पुढच्या सीटवर एअरबॅग उघडली तर त्याचा जीव जाऊ शकतो. मागच्या सीटवर बेल्टने घट्ट बांधलेलं कॅरियर सगळ्यांत चांगलं. आत त्याला उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे. फार मोठं घेतलं तर वळणावर ते आत घरंगळतं. कॅरियर आधी काही दिवस घरात उघडं ठेवा, त्यात त्याला झोपू द्या. आत आईची जुनी सुती साडी घाला, न धुतलेली. घरचा वास हवा, साबणाचा नको. कॅरियर नसेल तर छातीचा हार्नेस आणि कुत्र्यांचा सीटबेल्ट वापरा. गळपट्ट्याला बेल्ट अडकवू नका, मान आवळते.

निघायच्या दिवशी

हलकं खाणं तीन-चार तास आधी, पाणी थोडं थोडं चालू. अगदी छोट्या जातींच्या पिल्लांना फार वेळ उपाशी ठेवू नका, त्यांच्या रक्तातली साखर पटकन उतरते. किती वेळ चालेल ते डॉक्टरांना विचारा. निघण्याआधी चांगलं दमवणारं फिरणं. उन्हाळ्यात पहाटेच निघा. मानपूरचा घाट उतरून निमाडात आलात की हवा तापते, आणि पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना उष्णता अजिबात सोसत नाही.

गाणी लावायची असतील तर हळू आवाजात. २०१७ मध्ये ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटिश एसपीसीए ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था यांनी केलेल्या अभ्यासात निवाऱ्यातली कुत्री सॉफ्ट रॉक आणि रेगे ऐकताना जास्त शांत दिसली. आमच्याकडे कुमार गंधर्वांवर भागतं. देवास शेजारीच, तेवढा अभिमान चालायचाच.

दर दोन तासांनी थांबा. खलघाटला नर्मदेचा पूल ओलांडायच्या सुमारास पहिला थांबा येतो. दार उघडण्याआधी पट्टा हातात हवा. घाबरलेलं कुत्रं एका उडीत ए. बी. रोडवर पोहोचतं. गळ्यात फोन नंबर लिहिलेला बिल्ला असू द्या. ढाब्यावर गावची कुत्री धावून येतात, म्हणून पेट्रोल पंपाचा रिकामा कोपरा गाठा. तुमच्या प्लेटमधले पोहे त्याला नकोत: कांदा कुत्र्याला विषारी असतो, तसेच मनुके, द्राक्षं आणि चॉकलेट.

‘दोनच मिनिटं’ म्हणून बंद गाडीत ठेवून चहाला जाऊ नका. बाहेर ३५ अंश असताना आत दहा मिनिटांत ४५ च्या आसपास पोहोचतं, काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. थांबता न येणारी धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या दिसल्या तर लगेच अंगावर साधं थंड पाणी ओता, वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या.

औषधांचं

इंदूर-महूकडच्यांना शहरातल्या दवाखान्यांशिवाय महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे, १९५५ पासूनचं. डॉक्टरांना फोनवर काढलेला व्हिडिओ दाखवा; दवाखान्यात कुत्रं वेगळंच वागतं. उलटीसाठी मॅरोपिटंट हे कुत्र्यांसाठीचंच औषध आहे. भीतीसाठी ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिन देतात. एसीप्रोमेझिन या गुंगीच्या औषधाने मात्र शरीर सुस्तावतं, आतली भीती तशीच राहू शकते, म्हणून नुसतं ‘झोपेचं काहीतरी द्या’ म्हणू नका. गोळीचा पहिला डोस प्रवासाच्या दिवशी नाही, आधी घरी देऊन बघायचा. आपल्या पर्समधली अर्धी एव्होमिन स्वतःच्या मनाने देणं बंद. क्रोसिन, ब्रुफेन तर मुळीच नाही.

इतकं करूनही काही कुत्री प्रवासाला रुळत नाहीत, विशेषतः म्हातारी. लग्नघरातल्या बँडपेक्षा त्यांना ओळखीच्या माणसाकडे इंदुरातच ठेवलेलं बरं. तसं ठरवलंत तर त्या घरी आधी एक रात्र ठेवून पाहा, आणि जेवणाच्या वेळा, औषधं, डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून द्या.